हिणकस नाणं, पक्का चुना : रोमविषयी वाचकांचे प्रश्न

रोमन साम्राज्याचा ऱ्हास आणि त्याचा वारसा यांवर आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : काही पुस्तकांत रोमन साम्राज्याचा अंत इ.स. ४७६ मध्ये दिलेला असतो, काहींत १४५३ मध्ये. परीक्षेत काय लिहायचं?

‘पश्चिम रोमन साम्राज्य’ असं विचारलं असेल तर ४७६, ‘पूर्व’ म्हटलं असेल तर १४५३; साम्राज्याचे तोवर पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झालेले होते. नुसतं ‘रोमन साम्राज्य’ असेल तर प्रश्नच अर्धवट आहे.

सप्टेंबर ४७६ मध्ये ओडोएकर या सेनानीने रोम्युलस नावाच्या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवलं. लोक त्याला ‘ऑगस्टुलस’ म्हणत, म्हणजे ‘चिमुकला ऑगस्टस’ (ऑगस्टस हा पहिला रोमन सम्राट). मुलाला मारलंसुद्धा नाही. वर्षाला ६,००० सोन्याची नाणी नेमून देऊन दक्षिणेत कॅम्पानियात पाठवून दिलं. सिनेटने राजवस्त्रं पूर्वेच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) सम्राट झेनोकडे धाडली आणि कळवलं की, आता पूर्व-पश्चिम दोघांना मिळून एकच सम्राट पुरे. कायद्याच्या दृष्टीने बघितलं तर पश्चिमेचा मान्य सम्राट ज्यूलियस नेपोस हा ४८० पर्यंत दाल्मेशियात जिवंत होता. रोममधल्या बाजारात त्या सप्टेंबरात काही ‘बुडालं’ असं कुणाला जाणवलं नसणार. सिनेट भरतच राहिली, कॉन्सल हे वर्षाचे मानाचे अधिकारी नेमले जातच राहिले.

२९ मे १४५३ ला उस्मानी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं. तिथली माणसं शेवटपर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत होती. ‘बायझंटाइन’ हे नाव नंतरच्या विद्वानांनी चिकटवलेलं आहे.

प्रश्न : टोळ्यांनी रोम बुडवलं की रोम आतूनच पोखरलेलं होतं? एकच कारण सांगायचं झालं तर कोणतं?

आलेक्झांडर डेमान्ट या जर्मन इतिहासकाराने १९८४ मध्ये आजवर सुचवलेल्या कारणांची मोजदाद केली, ती २१० भरली. त्यात ऐषाराम आहे, हवामान आहे, गरम पाण्याच्या स्नानगृहांवरही ठपका आहे. एकच सांगा असा आग्रह असेल तर आमचं बोट उत्तर आफ्रिकेवर जाईल.

रोमन सरकारच्या खर्चात सगळ्यांत मोठा वाटा फौजेचा. फौजेचा पैसा शेतसाऱ्यातून यायचा. म्हणून प्रांत गेला की नुसती जमीन जात नव्हती, तिथला सारा जायचा आणि त्या साऱ्यावर पोसलेली फौजही जायची. फौज घटली की पुढचा प्रांत राखता येत नाही. एकदा हे चक्र सुरू झालं की ते थांबवायला वेगळा पैसा लागतो, आणि तोच नसतो.

क्रम बघा. ३७६ मध्ये हूणांच्या रेट्याने गॉथ टोळ्या डॅन्यूब नदी ओलांडून आत आल्या. त्यांच्या अन्नधान्याची सोय बघणाऱ्या अधिकाऱ्यांनीच त्यांना लुबाडलं, ते उठले, आणि ३७८ मध्ये अॅड्रियानोपलच्या लढाईत सम्राट व्हॅलेन्स मारला गेला. ४०६ च्या अखेरीस व्हँडल, अॅलन आणि सुएबी या टोळ्या ऱ्हाइन ओलांडून गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) घुसल्या. ४१० मध्ये गॉथांचा राजा अॅलॅरिक याने रोम शहर लुटलं. त्याची बोंब जगभर झाली, पण तिजोरीच्या हिशेबात ती लूट दुय्यम होती. खरा घाव १९ ऑक्टोबर ४३९ चा. व्हँडलांचा राजा गायसेरिक याने त्या दिवशी कार्थेज घेतलं, तेही तह मोडून, जवळपास न लढता. आजच्या ट्युनिशियाचा तो मुलूख पश्चिमेचं धान्याचं कोठार होता आणि लढायांपासून लांब असल्यामुळे वसुलीही चोख होती. रोमला स्वस्त धान्य तिथूनच यायचं. इजिप्तचं धान्य आधीच कॉन्स्टँटिनोपलकडे वळवलेलं होतं.

पुढच्या पाच-सहा वर्षांतले कायदे वाचले की सरकारची तंगी उघडी पडते. सम्राट तिसऱ्या व्हॅलेंटिनियनने ४४४-४५ च्या सुमारास विक्रीवर चोविसावा हिस्सा नवा कर बसवला, निम्मा विकणाऱ्याने आणि निम्मा घेणाऱ्याने भरायचा. करातून येणारा पैसा नव्या भरतीला तर सोडाच, जुन्या सैनिकांच्या अन्नवस्त्रालाही पुरत नाही, अशी कबुली त्याच कायद्यात आहे. ४४५ मध्ये आफ्रिकेतल्या नुमिडियासारख्या परत मिळालेल्या पण उजाड झालेल्या प्रांतांचा सारा पूर्वीच्या आठव्या हिश्श्यावर आणावा लागला.

आफ्रिका परत घ्यायचे प्रयत्न झाले. सगळ्यांत मोठा ४६८ चा, पूर्वेच्या पैशावर, हजारावर जहाजांचा. सेनापती बॅसिलिस्कस कार्थेजजवळ पोचला आणि गायसेरिकने मागितलेली पाच दिवसांची मुदत त्याने देऊन टाकली. तेवढ्यात वारा फिरला. व्हँडलांनी पेटती जहाजं त्या वाऱ्यावर सोडली आणि दाटीने नांगरलेलं आरमार जळून गेलं. पूर्वेचा खजिना त्या एका स्वारीत जवळजवळ रिकामा झाला. आठच वर्षांनी रोम्युलस गेला, त्याचं मूळ इथे आहे. इटलीतल्या फौजेने पगाराऐवजी एकतृतीयांश जमीन मागितली, रोम्युलसच्या बापाने ती नाकारली, आणि ओडोएकरने ती देऊ केली.

पूर्व का टिकली? इजिप्त आणि सीरियाची वसुली चालू राहिली, आणि राजधानीभोवती ४१३ पासून तो जगप्रसिद्ध तट उभा होता.

प्रश्न : रोमन नाण्यांतली चांदी कमी कमी होत गेली असं वाचतो. हे करायचे कसं? लोकांच्या लक्षात येत नव्हतं का?

यायचं, पण उशिरा.

ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंडात (सुमारे ३२७ ग्रॅम) ८४ दिनारियस पाडत, म्हणजे एक नाणं साधारण ३.९ ग्रॅमचं आणि जवळजवळ शुद्ध चांदीचं. आपला ‘दीनार’ हा शब्द याच दिनारियसवरून आला. इ.स. ६४ मध्ये नीरोने त्याच पौंडातून ९६ नाणी पाडायला सुरुवात केली आणि कसही सुमारे ८० टक्क्यांपर्यंत उतरवला. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सेप्टिमियस सेव्हेरसने चांदी निम्म्यावर आणली. २१५ मध्ये कॅराकॅलाने दोन दिनारियस किमतीचं म्हणून नवं नाणं काढलं, त्यात चांदी मात्र दीड दिनारियसचीच. २७० च्या आसपास त्या नव्या नाण्यात चांदी ५ टक्क्यांच्याही खाली गेली होती.

आता टाकसाळीतली युक्ती. चांदी-तांब्याच्या मिश्रणाच्या चकत्या आधी तापवत. पृष्ठभागावरचं तांबं हवेशी संयोग पावून काळं पडे. मग चकती आंबट द्रावात बुडवली की ते काळं तांबं निघून जाई आणि वर चांदीचा पातळ पापुद्रा उरे. त्यावर ठसा मारला की तो पापुद्रा दबून चकचकीत होई. नवं नाणं हातात घेतलं तर अस्सल वाटे. वापरात कडा आणि सम्राटाचं नाक झिजलं की आतून तांबूस रंग डोकावू लागे. या पापुद्र्याने आधुनिक संशोधकांनाही चकवलं. नुसत्या पृष्ठभागाची तपासणी करून काढलेले जुने कस खऱ्यापेक्षा चढे निघाले, आणि नाण्याच्या पोटातला नमुना घ्यायला लागल्यावर आकडे खाली आले.

बिघडलं ते असं : जुनं चांगलं नाणं लोक घरात पुरून ठेवू लागले आणि हिणकस तेवढं बाजारात फिरू लागलं. सरकारलाही सारा म्हणून तेच हिणकस नाणं परत मिळू लागलं. सैनिकांचा पगार वाढवत न्यावा लागला, त्यासाठी आणखी भेसळ. शेवटी सरकारने धान्य, कापड, जनावरं अशी वस्तुरूप वसुली सुरू केली. ३०१ मध्ये डायोक्लेशनने हजाराहून जास्त वस्तू आणि मजुऱ्यांचे कमाल दर ठरवून दिले, ते मोडणाऱ्याला देहदंड. माल बाजारातून गायब झाला आणि हुकूम कागदावर राहिला, किंवा खरं म्हणजे दगडावर. त्याचे कोरीव तुकडे आजही सापडतात.

इलाज कॉन्स्टंटाइनने केला. पौंडाला ७२ या हिशेबाने सुमारे साडेचार ग्रॅमचं ‘सॉलिडस’ हे सोन्याचं नाणं. पूर्वेत त्याचा कस अकराव्या शतकापर्यंत टिकला. मात्र हे सोनं श्रीमंतांचं आणि सरकारचं; भाजीबाजारातला माणूस तांब्याच्या चिल्लरीतच अडकलेला राहिला.

प्रश्न : मसाले आणि मलमलीच्या पायी रोमचं सोनं भारतात गेलं आणि रोम भिकेला लागलं, हे खरं का?

आपल्याला ऐकायला बरं वाटतं, पण नाही. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात तक्रार केली आहे की, भारत दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो (चार सेस्टर्सचा एक दिनारियस). त्याला बायकांच्या चैनीवर टीका करायची होती, हिशेब मांडायचा नव्हता. या मालावर रोमन सरहद्दीत २५ टक्के जकात बसे. केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदरातून गेलेल्या ‘हर्मापोलॉन’ या जहाजाच्या मालाचा पपायरसवरचा कागद सापडला आहे. त्या एका खेपेतल्या मालाची किंमत सुमारे ७० लाख सेस्टर्स होती. त्याचा चौथा हिस्सा सरकारजमा होत असेल, तर हा व्यापार खजिन्याला खड्डा कसा? शिवाय हा व्यापार भरात होता तो पहिल्या-दुसऱ्या शतकात, आणि पश्चिम कोसळली पाचव्यात.

प्रश्न : शिशाच्या नळांतून पाणी पिऊन रोमन लोक मतिमंद झाले म्हणे?

शिसं त्यांच्या शरीरात होतं, ते आपण समजतो त्याहून जास्त होतं. मात्र नळ हा त्यातला कमी दोषी. नळाला तोटी क्वचितच असे, पाणी अखंड वाहतं असे, त्यामुळे ते शिशात साचून राहत नसे. जड पाण्यातल्या चुन्याचा थरही नळाच्या आत बसे आणि पाणी व धातू यांच्यात आडपडदा तयार होई. वाईट होता तो द्राक्षरसाचा पाक. हा रस शिशाच्या भांड्यात आटवण्याची शिफारस तेव्हाचे जाणकार करत, आणि मग तो दारूत, सॉसमध्ये, फळं टिकवायला वापरत.

शिशाचा धोका ते ओळखूनही होते. व्हिट्रुव्हियस हा वास्तुशास्त्रज्ञ इ.स.पू. पहिल्या शतकातच सांगतो की खापरी नळ बरे, शिशाचं काम करणाऱ्यांचे पांढुरके चेहरे बघा. पण पूर्वेकडचे लोकही तेच नळ आणि तोच पाक वापरत होते आणि ते आणखी हजार वर्षं राज्य करत राहिले. साम्राज्य बुडण्याचं कारण म्हणून हा मुद्दा तिथेच लंगडा पडतो.

प्रश्न : दोन हजार वर्षं टिकणारं रोमन काँक्रीट नेमकं कसं करत? आज का करत नाहीत?

यावर सर्वांत जास्त पत्रं आली, म्हणून जरा सविस्तर.

मुख्य घटक तीन : चुना, ज्वालामुखीची राख, आणि दगड-विटांचे मुठीएवढे तुकडे. नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीची राख सर्वांत नावाजलेली. तिच्यावरूनच ‘पोझोलाना’ हा शब्द आला. राखेतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि गारा पाण्याखालीही घट्ट होतो. साध्या चुन्याच्या गाऱ्याला घट्ट व्हायला हवा लागते, म्हणून तो पाण्याखाली जमत नाही.

व्हिट्रुव्हियसची प्रमाणं अशी : खाणीतली वाळू असेल तर तीन भागांना एक भाग चुना, नदीची किंवा समुद्राची असेल तर दोनास एक, बंदरातल्या पाण्याखालच्या कामाला दोन भाग राख, एक भाग चुना. वाळूची परीक्षाही तो देतो. मुठीत चोळली की करकरली पाहिजे, आणि पांढऱ्या कापडावर टाकून झटकली तर मातीचा डाग राहता कामा नये. मातकट वाळूचा गारा धरत नाही. समुद्राची वाळू वाळायला वेळ घेते आणि नंतर भिंतीवर क्षार फुटतात.

आजच्यासारखं पातळ काँक्रीट ते ओतत नसत. दोन्ही बाजूंना विटांची किंवा दगडांची पातळ भिंत उभारायची, मधे घट्ट गाऱ्याचा थर द्यायचा, त्यावर तुकडे हाताने मांडायचे, चोपून बसवायचे, पुन्हा थर. बाहेरची ती भिंत हाच साचा, आणि तो काढायचा नाही. पाणी कमी आणि चोपणी भरपूर, हे यातलं मर्म.

व्हिट्रुव्हियस चुना आधी विझवायला सांगतो. पण अनेक जुन्या नमुन्यांत चुन्याचे पांढरे खडे दिसतात. पूर्वी ते अर्धवट मळणीचे मानले जात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेगळी बाजू मांडली : कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना राखेत थेट मिसळून मग पाणी घातलं तर मिश्रण तापतं आणि असे खडे तयार होतात. पुढे कधी तडा गेला आणि त्यात पाणी शिरलं की खड्यातला चुना विरघळतो आणि तड्यात पुन्हा स्फटिक होऊन बसतो. प्रयोगात अर्धा मिलिमीटरचा तडा दोन आठवड्यांत बुजला. घरी करून बघण्याची हौस असेल तर हीच पायरी धोक्याची आहे : कळीचा चुना पाणी लागताच उकळतो, उडतो, डोळे जाऊ शकतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे गारा उन्हात भराभर वाळू देणं. तो वाळला म्हणजे धरला असं नाही. कित्येक दिवस ओला ठेवावा लागतो.

रोममधल्या पँथिऑनचा घुमट, साधारण १२६ सालचा, ४३.३ मीटर व्यासाचा, लोखंडाशिवाय उभा आहे. बुडाशी सुमारे सहा मीटर जाड, वर माथ्यावरच्या गोल झरोक्याच्या कडेला सव्वा मीटरच्या आसपास. पायात जड दगड, मधे विटांचे तुकडे, माथ्याला प्यूमिस हा पाण्यावर तरंगणारा दगड. त्याला उभ्या भेगाही पडलेल्या आहेत, पण वजन खाली सरकत जाण्याच्या वाटा मोकळ्या असल्यामुळे त्या भेगांनी काही बिघडलं नाही.

आज का करत नाहीत? कारण आपल्याला आठवड्याभरात मजला चढवायचा असतो आणि ते काँक्रीट ताकद धरायला फार वेळ घेतं. आपल्याला लांब तुळया आणि बारीक खांब हवेत, त्यासाठी सळ्या घालाव्या लागतात. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. रोमनांकडे सळई नव्हती म्हणून हा रोगही नव्हता. आणि एक गोष्ट कुणी लिहीत नाही : त्यांचं वाईट बांधकाम केव्हाच पडून गेलं. आपण बघतो ती निवडक दहावीस उत्तम कामं.

प्रश्न : त्यांची जलवाहिनी बंद का पडली? दगडी पाट तर शाबूत होते.

पाट शाबूत ठेवणारी माणसं राहिली नाहीत.

इ.स. ९७ मध्ये रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख असलेल्या फ्रॉन्टिनसने दप्तरी नोंदी लिहून ठेवल्या आहेत. नुसत्या देखभालीला ७०० गुलाम नेमलेले होते, २४० जुन्या तुकडीचे आणि ४६० नंतर वाढवलेले. शहराबाहेर पाटाच्या दोन्ही बाजूंना १५ फूट झाड लावायला बंदी, कारण मुळं सांध्यात शिरतात. मोडणाऱ्याला १०,००० सेस्टर्स दंड. चुन्याचं काम १ एप्रिल ते १ नोव्हेंबर याच काळात, त्यातही कडक उन्हाळा टाळून. आणि पाण्याची चोरी! परवानगीपेक्षा मोठ्या व्यासाचा नळ बसवणं, रस्त्याखालून गुपचूप जोड काढणं, हे सगळं तो नोंदवतो.

उतार किती बारीक असे ते बघा. फ्रान्समधल्या नीमला पाणी नेणारा पाट सुमारे ५० किलोमीटर लांब आणि सबंध वाटेत उतार जेमतेम साडेबारा मीटर. पाँ द्यू गार हा ४९ मीटर उंच तीनमजली पूल त्याचाच भाग. एवढ्या मंद पाण्यातला चुना भिंतींवर बसत जातो. तो खरवडायची माणसं नेमलेली असत तोवर ठीक होतं. ती गेल्यावर काही ठिकाणी जवळजवळ अर्धा मीटर जाडीचा दगडी थर साचून पाट चिंचोळा झाला.

रोममध्ये ५३७ च्या वेढ्यात गॉथांनी पाट फोडले. पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा पूर्वेचा सेनापती बेलिसॅरियस याने टायबर नदीत नावा बांधून त्यांवर गिरण्या चालवल्या. दहा लाखांच्या घरात गेलेली शहराची वस्ती त्या शतकात हजारांवर आली. इ.स.पू. १९ मधली ‘अॅक्वा व्हर्गो’ बहुतांश जमिनीखालून जाते, म्हणून वाचली. डागडुजी होत होत तिचंच पाणी आज त्रेवी कारंज्यात पडतं.

प्रश्न : रोमन रस्त्याचे चार थर आणि रेल्वेच्या रुळांमधलं अंतर, दोन्हींबद्दल सांगा.

चार थरांचं ते सुबक चित्र व्हिट्रुव्हियसच्या घरातल्या फरशीच्या वर्णनावरून उचललेलं आहे. खणून पाहिलेले रस्ते जागेप्रमाणे बदलतात : कुठे फरसबंदी, कुठे नुसता चोपलेला मुरूम, दलदलीत लाकडांची बैठक. सगळीकडे सारखी आढळते ती मधली फुगवट आणि कडेचे चर.

रुळांमधले १,४३५ मिलिमीटर रोमन रथावरून आले ही लोणकढी आहे. ते माप उत्तर इंग्लंडमधल्या कोळशाच्या घोडागाड्यांचं.

प्रश्न : सप्टेंबर म्हणजे सातवा. मग तो नववा का?

कारण जुनं रोमन वर्ष मार्चला सुरू होई. वर्ष ३५५ दिवसांचं आणि मधूनमधून अधिक महिना; तो घालायचा अधिकार पुरोहितांकडे. मर्जीतल्या अधिकाऱ्याची मुदत वाढवायला अधिक महिना घातला जाई, नकोशाची कापायला गाळला जाई. ज्यूलियस सीझरने ही गडबड निस्तरायला इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं केलं : ३५५, त्यात फेब्रुवारीतले २३, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या मधे ६७.

मग ‘दर चौथ्या वर्षी एक दिवस’ असा नियम झाला आणि लगेच घोटाळा. रोमन लोक मोजताना सुरुवातीचं वर्षही धरत, म्हणून पुरोहितांनी दर तीन वर्षांनीच दिवस वाढवला. ३६ वर्षांत ९ ऐवजी १२ दिवस घुसले, आणि ऑगस्टसला पुढची काही लीप वर्षं गाळावी लागली. ऑगस्टसने फेब्रुवारीचा दिवस चोरून आपला महिना ३१ चा केला ही कथा खोटी. तो महिना सीझरनेच ३१ चा केला होता, नाव तेवढं इ.स.पू. ८ मध्ये बदललं.

प्रश्न : रोमन कायदा आजही युरोपात शिकवतात. राज्य बुडाल्यावर तो टिकला कसा?

एका हस्तलिखितावर, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपलमध्ये ट्रिबोनियनच्या हाताखाली मंडळ बसवलं. त्यांनी जुन्या विधिज्ञांची सुमारे २,००० पुस्तकं चाळून निवडक उतारे तीन वर्षांत, ५३३ पर्यंत, ५० भागांत लावले. जस्टिनियनच्याच शब्दांत, तीस लाख ओळींच्या दीड लाख झाल्या. हा ‘डायजेस्ट’. पश्चिमेत तो पुढे जवळजवळ विसरला गेला. अकराव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्यात इर्नेरियसने तो पुन्हा शिकवायला घेतला, तिथून विद्यापीठांत आणि पुढे १८०४ च्या फ्रेंच, १९०० च्या जर्मन संहितेत त्याची चौकट उतरली.

डायजेस्टची सहाव्या शतकातली एक जवळजवळ पूर्ण प्रत पिसा शहरात होती. १४०६ मध्ये फ्लॉरेन्सने पिसा जिंकल्यावर ती तिकडे नेली, आजही तिथेच आहे. तिच्या शेवटच्या भागात शिवणाऱ्याने पानांची अदलाबदल केलेली आहे. बोलोन्याच्या परंपरेतल्या प्रतींत नेमका तोच उलटा क्रम उतरलेला सापडतो.